डाउन हाउसचे काचघर

वस्तुसंग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या कपाटांत मांडलेल्या मूर्ती, नाणी, ताम्रपट, तलवारी आणि पेंढा भरलेले प्राणी उभे राहतात. या वस्तूंचा एक मोठा गुण असा की त्या स्वस्थ असतात. एकदा कपाटात ठेवून खाली नावाची व सनाची पट्टी लावली, की पुढे पन्नास वर्षे त्या कोणाकडे काही मागत नाहीत. परंतु ज्या संग्रहालयातील वस्तूंना रोज पाणी द्यावे लागते, त्या पाण्याचीही जात पाहावी लागते, आणि ज्या अधूनमधून एखादी माशी धरून पचवितात, अशा संग्रहालयाचा जीर्णोद्धार कसा करावयाचा? आज मी ज्या काचघराची हकीकत सांगणार आहे ते या प्रकारचे आहे. लंडनच्या दक्षिण सीमेजवळ डाउन नावाच्या खेड्यात, डाउन हाउस या घराच्या परसात ते उभे आहे.

या घरात चार्ल्स डार्विन १८४२ च्या सप्टेंबरात राहावयास आला आणि १९ एप्रिल १८८२ रोजी याच घरात त्याने देह ठेवला. जवळजवळ चाळीस वर्षे त्याची अभ्यासिका, प्रयोगशाळा आणि फेरफटक्याची वाट ही सारी या एका आवारात होती. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या जाती कशा उत्पन्न झाल्या याविषयीचा त्याचा ग्रंथ नोव्हेंबर १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विद्वानांत एकच खळबळ उडाली. जून १८६० मध्ये ऑक्सफर्ड येथे जो प्रसिद्ध वाद झाला, त्याला डार्विन स्वतः हजर नव्हता. जगात वादळ उठले असता हा मनुष्य त्या उन्हाळ्यात काय करीत होता, हे पाहण्यासारखे आहे.

तो ससेक्स परगण्यातील हार्टफील्ड येथे आप्तांकडे राहावयास गेला होता. तेथील माळरानावरच्या पाणथळ जागी त्याला एक लहानसे झुडूप दिसले. ड्रॉसेरा रोटुंडिफोलिया हे त्याचे शास्त्रीय नाव. पैशाएवढी गोल, तांबूस पाने जमिनीलगत पसरलेली, पानांवर बारीक केसांसारख्या स्पर्शिका, आणि प्रत्येक स्पर्शिकेच्या टोकावर चिकट रसाचा एक चमकता थेंब. ऊन वर आले तरी हे दव वाळत नाही, म्हणून इंग्रजांनी त्याला सूर्याचे दव असे नाव दिले. आपल्याकडेही याच्या भावंडांना दवबिंदू असेच म्हणतात. डार्विनने सहज हाताला येतील ती बारा झाडे उपटून घेतली. त्यांवर पूर्ण उमललेली ५६ पाने होती, आणि त्यांतील ३१ पानांना मेलेले कीटक किंवा त्यांचे अवशेष चिकटलेले होते. दुसरा कोणी असता तर ‘चिकट पान आहे, माशा चिकटायच्याच’ असे म्हणून पुढे गेला असता. डार्विनने मोजणी केली, आणि मोजल्यावर त्याच्या मनात प्रश्न उभा राहिला: इतक्या मोठ्या प्रमाणात कीटक सापडतात, ते झाडाच्या काही उपयोगाचे असतील काय?

हा प्रश्न अगदी नवा होता असे नाही. अमेरिकेतील कॅरोलायना प्रांतांत माशी बसताच पान मिटून घेणारी डायोनिया नावाची वनस्पती सापडली होती. लंडनचा व्यापारी व निसर्गशास्त्रज्ञ जॉन एलिस याने १७६९ मध्ये तिच्याविषयी स्वीडनच्या लिनियसला पत्र लिहून, ही वनस्पती कीटकांवर पोट भरते असा आपला तर्क कळविला. लिनियस हा वनस्पतींना नावे देणाऱ्यांचा राजा. पण त्यालाही हे पटले नाही. कीटक धडपडण्याचा थांबला की पान त्याला सोडून देते, असे त्याने ठरविले. प्राण्याने वनस्पती खावी हा सृष्टीचा घालून दिलेला क्रम. वनस्पतीने प्राणी खावा हे त्या क्रमाला सोडून होते. खुद्द डार्विनचा आजा इरॅस्मस डार्विन याने १७८९ मध्ये असे लिहिले होते की कीटकांच्या उपद्रवापासून आपले रक्षण करण्यासाठी झाडाने ही युक्ती केली आहे. म्हणजे आजोबांच्या मते जे कुंपण होते, ते नातवाला ताट वाटू लागले.

ईश्वराच्या योजनेवर श्रद्धा असणाऱ्या माणसाला यात दुखावण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. लिनियसने सृष्टीचा क्रम आपल्या बुद्धीने आधीच आखून ठेवला होता. डार्विनने तो पानाला विचारला, एवढाच दोघांतील फरक.

त्याने पानाला कसे विचारले तेही ऐका. त्याने पानांवर कच्च्या मांसाचे कण ठेवले, दुधाचा थेंब ठेवला, अंड्याचा पांढरा बलक ठेवला. मग साखरेचे पाणी, डिंक, पिठूळ कांजी, जैतुनाचे तेल आणि चहासुद्धा देऊन पाहिला. नत्रयुक्त पदार्थ मिळताच स्पर्शिका आत वळत, पान वाटीसारखे होई, आणि साखर वा कांजी दिली तर ते जवळजवळ उदासीन राही. त्याने एका केसाचा इतका बारीक तुकडा घेतला की त्याची लांबी इंचाच्या आठ सहस्रांश होती आणि वजन एका ग्रेनचा ७८,७४० वा भाग. तेवढ्या भारानेही स्पर्शिका हलली. उलट, वरून पडणाऱ्या पावसाच्या थेंबांनी ती हलत नाही. पाऊस ही रोजची गोष्ट. तिला प्रत्येक थेंबासाठी पान मिटणे परवडणारे नाही. ३१ पानांवरील स्पर्शिका त्याने मोजल्या, तेव्हा सरासरी १९२ निघाली. कमीत कमी १३० आणि अधिकात अधिक २६०. या आकड्यांकडे पाहिले म्हणजे एका खोलीत भिंग लावून बसलेला, प्रकृतीने नाजूक, दाढीवाला मनुष्य डोळ्यांपुढे येतो.

त्याची पत्नी एमा हिने त्या दिवसांत एका मैत्रिणीला कळविले की चार्ल्स या ड्रॉसेराला अगदी जिवंत प्राण्यासारखे वागवीत आहे, आणि शेवटी तो प्राणीच आहे असे सिद्ध करण्याची त्याला आशा असावी. भूशास्त्रज्ञ लायेल याला डार्विनने नोव्हेंबर १८६० मध्ये लिहिले की या घडीला जगातील सर्व जातींच्या उगमापेक्षा मला ड्रॉसेराची अधिक काळजी आहे. ज्या ग्रंथासाठी त्याने वीस वर्षे घालविली, त्याच्याविषयी वर्षभरात असे लिहिणारा शास्त्रज्ञ विरळा.

आता काचघराकडे येऊ. १८६२ च्या अखेरीस डार्विनने उष्ण देशांतील झाडे ठेवता येतील असे काचघर बांधण्याचे ठरविले आणि १८६३ च्या फेब्रुवारीत ते तयार झाले. शेजारच्या एका घरचा हॉरवुड नावाचा माळी होता, त्याने या बांधकामावर देखरेख केली. डार्विनचा मित्र जोसेफ हूकर हा क्यू येथील राजोद्यानात अधिकारावर होता. त्याने गाडीभर झाडे पाठविली. ती येईपर्यंत डार्विनची अवस्था सुट्टीची वाट पाहणाऱ्या शाळकरी मुलासारखी झाली होती, आणि हे त्याने स्वतःच मित्राला कळविले आहे. या काचघरात पुढे वेलींचे, ऑर्किडांचे आणि कीटकभक्षक वनस्पतींचे प्रयोग झाले. राजवाड्यांतील काचघरांसारखे ते ऐटबाज नव्हते. मागे विटांची भिंत, पुढे उतरते काचेचे छप्पर, आत फळ्या आणि त्यांवर मातीच्या कुंड्या. पण एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्राच्या कित्येक महत्त्वाच्या गोष्टी या फळ्यांवर घडल्या.

येथे १८७४ हे साल ध्यानात ठेवा. त्या वर्षी बेलफास्ट येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात हूकरने मांसभक्षक वनस्पतींवर भाषण केले आणि हा विषय विद्वानांच्या सभेत प्रतिष्ठेने मांडला गेला. त्याच वर्षी एप्रिलात न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात मादागास्कर बेटावरील एका नरभक्षक वृक्षाची भयंकर हकीकत छापून आली. आठ लांब काटेरी पाने, वर वळवळणारे तंतू, आणि त्यांत बळी दिली जाणारी स्त्री, असे वर्णन कोणा जर्मन प्रवाशाच्या नावे केले होते. सारी गोष्ट बनावट होती. असा प्रवासीही नव्हता आणि असा वृक्षही नव्हता. परंतु आपल्याला नवल वाटावे अशी गोष्ट पुढेच आहे. त्या काल्पनिक वृक्षाला जे शास्त्रीय नाव दिले होते, त्याचा दुसरा शब्द ‘दाजीआना’ असा होता, आणि तो मुंबईचे डॉ. भाऊ दाजी यांच्या नावावरून घेतला असल्याचे सांगितले होते!

डॉ. भाऊ दाजी लाड हे मूळचे गोव्यातील पेडणे महालातील मांद्र्याचे. मुंबईत वैद्यक शिकून त्यांनी गोरगरिबांची सेवा केली, शिलालेख व नाणी यांचा अभ्यास केला, आणि १८७२ मध्ये लोकांना खुल्या झालेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या उभारणीसाठी ते झटले. ३१ मे १८७४ रोजी, म्हणजे ती थाप छापली गेल्यानंतर थोड्याच दिवसांत, त्यांचे निधन झाले. थाप मारणाऱ्याला आपल्या गोष्टीवर विद्वत्तेचा मुलामा हवा होता, म्हणून त्याने सातासमुद्रांपलीकडच्या एका सत्पुरुषाचे नाव उसने घेतले. खोटी गोष्ट किती दूर जाते पाहा: अमेरिकेतील मिशिगन संस्थानचा एक माजी गव्हर्नर चेस ऑस्बर्न याने १९२४ मध्ये मादागास्करवर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच हा नरभक्षक वृक्ष घातला. थापेला पन्नास वर्षे झाली तरी ती बाजारात खपत होती. भाऊ दाजींचे खरे स्मारक मात्र १९७५ मध्ये झाले. त्या वर्षी भायखळ्याच्या त्या संग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले. पुढे त्या इमारतीचा व संग्रहाचा जो जीर्णोद्धार झाला, त्याला २००५ मध्ये युनेस्कोचे आशियातील श्रेष्ठ पारितोषिक मिळाले आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा लोकांसाठी उघडले.

नरभक्षक वृक्षाची थाप हजारोंनी वाचली. डार्विनचा ‘कीटकभक्षक वनस्पती’ हा ग्रंथ २ जुलै १८७५ रोजी प्रसिद्ध झाला. त्याची पहिली छपाई ३,००० प्रतींची होती. त्यातील चित्रे जॉर्ज आणि फ्रान्सिस या त्याच्या मुलांनी काढली. पंधरा वर्षांपूर्वी त्या माळरानावर जो प्रश्न पडला, त्याचे उत्तर त्याने आता सविस्तर दिले होते. पानाच्या ग्रंथींतून निघणारा रस अन्न मिळताच आम्ल होतो आणि आपल्या जठरातील रसाप्रमाणे मांस विरघळवितो. वेल्सच्या उत्तर भागातून एका मित्राने पिंग्विक्युला या दुसऱ्या वनस्पतीची ३९ पाने पाठविली होती. त्यांतील ३२ पानांवर मिळून १४२ कीटक निघाले. हाही हिशेब ग्रंथात आहे.

पण एक शंका उरली होती. कीटक पचतो हे खरे, परंतु त्यामुळे झाडाचे भले होते कशावरून? काही शास्त्रज्ञ म्हणत की माशीवाचूनही ड्रॉसेरा चांगली वाढते. हा प्रश्न फ्रान्सिस डार्विनने १८७७ च्या उन्हाळ्यात सोडविला. त्याची साधने ऐकून स्वयंपाकघरातील माणसांना हसू येईल. त्याने सूप पिण्याच्या सहा बशा घेतल्या, त्यांत शेवाळ घालून सुमारे दोनशे झाडे लावली, प्रत्येक बशीत मधोमध लाकडाची पट्टी घालून दोन भाग केले, आणि बाहेरचे किडे येऊ नयेत म्हणून वर जाळी घातली. एका भागातील झाडांना भाजलेल्या मांसाचे सूक्ष्म कण भरविले. दुसऱ्या भागातील झाडे उपाशी ठेवली. हंगामाच्या शेवटी उपाशी झाडांच्या १०० बियांस भरविलेल्या झाडांच्या २४० हून अधिक बिया भरल्या, आणि सर्व बियांच्या वजनाचे प्रमाण तर १०० ला जवळजवळ ३८० पडले. कीटकांचे अन्न झाडाच्या संततीला पोचते, हे सहा बशांनी सिद्ध केले. विज्ञानाला मोठ्या यंत्रांची गरज लागते हे खरे. पण आमच्या शाळांतून साहित्य नाही म्हणून विज्ञान शिकविता येत नाही असे जेव्हा कानांवर येते, तेव्हा मला या सहा बशा आठवतात.

डार्विन गेला, १८९६ मध्ये एमाही गेली, आणि घर भाड्याने जाऊ लागले. १९०७ पासून काही वर्षे तेथे मुलींची शाळा होती. १९२७ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात सर आर्थर कीथ यांनी हे घर राष्ट्रासाठी राखावे असे आवाहन केले, तेव्हा जॉर्ज बक्स्टन ब्राउन या शस्त्रवैद्याने स्वतःच्या पैशाने ते विकत घेतले, दुरुस्त केले आणि असोसिएशनच्या स्वाधीन केले. ७ जून १९२९ रोजी ते संग्रहालय म्हणून उघडले. पुढे ते शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयाकडे गेले, आणि १९९६ मध्ये ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेने ते घेतले. १९९८ मध्ये ते दुरुस्त होऊन पुन्हा उघडले; २००९ मध्ये डार्विनच्या द्विशताब्दीच्या वेळी नवे प्रदर्शन मांडले गेले. घराबरोबरच बाग आणि काचघर यांचाही जीर्णोद्धार झाला, आणि आज त्या फळ्यांवर पुन्हा ऑर्किड आणि कीटकभक्षक वनस्पती दिसतात.

घर पूर्ववत करणे हे कष्टाचे असले तरी समजण्यासारखे काम आहे. खुर्ची तीच, मेज तेच, भिंतीचा रंग शोधून काढता येतो. काचघराचे तसे नाही. डार्विनच्या कुंडीतील ड्रॉसेरा केव्हाच मरून गेली. तेथे जे ठेवावयाचे ते त्याच जातीचे, पण नवे. आता कोणी विचारील, मूळ झाडे वाळवून का ठेवली नाहीत? वाळवून ठेवता येतात, पण ड्रॉसेरा वाळविली की तिचे दव जाते, स्पर्शिका एकमेकींना चिकटतात, आणि कागदावर एक तपकिरी डाग उरतो. अर्कात घालून बरणीत ठेवली तर आकार राहतो, पण रंग उतरतो. ज्या गुणामुळे ही वनस्पती पाहण्यासारखी, तो गुण म्हणजे तिचे चकाकणे आणि हलणे. आणि तो गुण मृत नमुन्यात राहत नाही.

ही अडचण जाणून जर्मनीतील ब्रेंडेल नावाच्या घराण्याने १८६६ पासून कागदाच्या लगद्याची, सुटी करता येणारी मोठमोठी वनस्पतींची प्रतिरूपे बनविली व ती जगभर शाळा-महाविद्यालयांत गेली. ड्रेस्डेनजवळ राहणाऱ्या लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या पितापुत्रांनी तर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठासाठी १८८७ पासून १९३६ पर्यंत काचेची झाडे व फुले घडविली. सुमारे ७८० जातींच्या ४,३०० च्या आसपास वस्तू त्यांच्या हातून झाल्या. त्या दालनाचाही २०१६ मध्ये जीर्णोद्धार झाला. जुनी लाकडी कपाटे दुरुस्त केली, नवा प्रकाश बसविला, आणि काचेची फुले साफ करून परत मांडली. ते काम थोर आहे. परंतु काचेचे फूल माशी पकडीत नाही. डाउन हाउसच्या काचघराला जिवंत झाडांवाचून गत्यंतर नव्हते.

जिवंत झाड म्हटले की त्याच्या आवडीनिवडी आल्या. डाउन हे खेडे खडूच्या डोंगरावर वसलेले आहे. अशा भूमीतील विहिरीचे पाणी चुन्याने जड असते. आणि ड्रॉसेरा ही आम्लयुक्त, निकस, शेवाळलेल्या दलदलीत वाढणारी. जड पाणी आणि खतावलेली माती हे दोन्ही तिला विषासारखे. ज्या जमिनीत नत्र मिळत नाही तेथे टिकून राहण्यासाठीच तर तिने कीटक धरण्याची विद्या साधली. तिला कुंडीत वाढवावयाचे तर छपरावरून वाहणारे पावसाचे पाणी साठवून तेच घालावे लागते. चांगला माळी सर्व झाडांना जे प्रेमाने देतो, ते हिला मुळीच द्यावयाचे नाही. भुकेवर जगणाऱ्या झाडाला भूक राखून ठेवावी लागते!

याहून अवघड प्रश्न पुढे आहे. असे दालन नव्याने मांडताना प्रेक्षकाला काय दाखवावयाचे? लोकांना हवी असते ती मादागास्करची गोष्ट: झडप, बळी, रक्त. डायोनियाचे पान पेन्सिलीने डिवचून मिटविले की मुले टाळ्या वाजवितात. पण रिकामे मिटलेले पान पुन्हा उघडण्यास बराच वेळ लागतो, आणि असे काही वेळा झाले की ते पान निकामी होते. प्रेक्षकांच्या टाळ्यांवर झाड मरते. म्हणून अशा दालनात करमणुकीपेक्षा धीर शिकवावा लागतो: हा कण येथे ठेवला, आता पाहत राहा, एका स्पर्शिकेला वळावयास कित्येक मिनिटे लागतील, आणि सारे पान मिटावयास काही तास. डार्विनने जे केले त्याचा गाभा एवढाच की तो पाहत राहिला.

आणि गुरूच्या चुकाही दाखवाव्या लागतात. पाण्यात वाढणारी युट्रिक्युलॅरिया नावाची वनस्पती आहे. तिच्या मुळांसारख्या तंतूंवर टाचणीच्या डोक्याएवढे फुगे असतात आणि त्यांत पाण्यातील सूक्ष्म जीव सापडतात. डार्विनला वाटले की ते जीव आपल्या डोक्याने फुग्याचे दार ढकलून आत शिरतात. विसाव्या शतकात असे सिद्ध झाले की फुगा आतले पाणी बाहेर टाकून स्वतःला दबलेल्या स्थितीत ठेवतो. दाराजवळच्या केसाला धक्का लागताच दार उघडते, आणि जीव पाण्याबरोबर आत खेचला जातो. हे सारे सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी काळात घडते; डोळ्याला ते दिसणेच शक्य नव्हते. फ्रान्सिस लॉइड याने १९४२ मध्ये मांसभक्षक वनस्पतींवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या फुग्यांचा सविस्तर विचार आहे. डार्विनच्या घरात डार्विनचे चुकले असे लिहिलेली पट्टी लावणे यात त्याचा अपमान नाही. त्याच्या पद्धतीचा तोच खरा सन्मान आहे.

इंग्लंडात आपोआप उगवणाऱ्या कीटकभक्षक वनस्पतींची कुळे तीनच: ड्रॉसेरा, पिंग्विक्युला आणि युट्रिक्युलॅरिया. गेल्या दोन शतकांत सखल भागांतील दलदली शेतीसाठी कोरड्या केल्या गेल्या, तेथील कुजलेल्या शेवाळाचे थर सरपणासाठी आणि बागांसाठी कापून नेले, आणि कित्येक परगण्यांतून ड्रॉसेरा नाहीशी झाली. जी वनस्पती डार्विनला सहज हात घालताच बारा मिळाली, ती आज अनेक ठिकाणी इंग्रज मुलाला काचघरातच पाहावी लागते. संग्रहालयाचा जीर्णोद्धार आणि रानाचा ऱ्हास या दोन गोष्टी अशा हातात हात घालून चालल्या आहेत.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. ड्रॉसेरा आणि युट्रिक्युलॅरिया ही दोन्ही कुळे आपल्याकडे आहेत. गोव्यातील व कोकणातील जांभ्या दगडाचे सडे, आंबोली, साताऱ्याजवळचे कासचे पठार येथे पावसाळ्यात दगडावर बोटभर माती व त्यावर पाझरते पाणी असते. तेथे नत्र कमी, म्हणून या वनस्पती जगतात. कासला भाद्रपदात निळ्या-जांभळ्या फुलांचा जो गालिचा पसरतो, त्यात ‘सीतेची आसवे’ म्हणून आपण ज्या नाजूक फुलाचे कौतुक करतो, ते युट्रिक्युलॅरियाचेच फूल. वर सीतेची आसवे, आणि खाली ओल्या मातीत सूक्ष्म जीव गिळणारे फुगे! आपल्या लोकांनी वरचे पाहून नाव दिले. खालचे पाहण्यास भिंग लागले. या कुळाचा भारतातील जातींपुरता सविस्तर ग्रंथ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे एक कर्ते डॉ. जनार्दनम हे गोवा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ, ही गोष्ट गोमंतकीयांनी अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

आणि आपली ओळख याहूनही जुनी आहे. कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापविला. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांनी त्या कामात साहाय्य केले आणि १६७५ मध्ये नागरी लिपीत लिहून दिलेले त्यांचे कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापले आहे. त्याच ग्रंथाच्या दहाव्या खंडात आपल्या लांबट पानांच्या दवबिंदूचे, म्हणजे ड्रॉसेरा इंडिकाचे, चित्र आहे. डार्विनच्या पूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे ते पान कागदावर उतरले होते. चित्र होते, त्याला प्रश्न विचारणारा भेटावयाचा होता.

कासचे पठार २०१२ मध्ये सह्याद्रीतील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथे आता पाहणाऱ्यांच्या पावलांपासून फुलांचे रक्षण करावे लागते, आणि येणाऱ्यांची संख्या ठरवून द्यावी लागली. कोकण-गोव्यातील सड्यांना मात्र असे कवच नाही. उन्हाळ्यात ते काळे, उघडे, ओसाड दिसतात. सरकारी कागदांत अशा जमिनीला पडीक म्हणण्याची वहिवाट आहे, आणि पडीक म्हटले की तेथे चिऱ्यांच्या खाणी, घरे, कारखाने यांना जागा सापडते. चार महिन्यांचे ते जिवंत संग्रहालय उरलेले आठ महिने बंद असते, आणि ते बंद असताना आपण ते मोडून टाकतो.

इंग्लंडने आपल्या डार्विनचे काचघर पुन्हा उभे केले, कारण ज्या दलदलीतून त्यातली झाडे आली त्यांतील कित्येक गेल्या होत्या. आपल्याला काचघराची गरज अजून पडलेली नाही. श्रावण-भाद्रपदात गावाजवळच्या सड्यावर जाऊन गुडघे टेकावे आणि एक साधे भिंग लावून पाहावे. शिक्षकांनी मुलांना न्यावे, झाडे उपटू देऊ नयेत, पाने मोजू द्यावीत: किती पानांवर कीटक आहेत, किती रिकामी आहेत. आकडे वहीत लिहावेत, आणि पुढच्या वर्षी त्याच सड्यावर जाऊन पुन्हा मोजावे. सडा तेथेच असेल, तर वहीतील दुसरे पान भरेल.